तुळशीचं पान ठेवलेला डबा

ज्या सकाळी यज्ञेशने विनोद केला, त्या सकाळी शेवड्यांच्या घरात कोणी हसलं नाही. सगळे घाबरले.

झालं होतं एवढंच, की गच्चीवर माकडाने वासुदेवकाकांचा चष्मा पळवला. काशीत, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्ल्यांत याचं कोणाला अप्रूप नाही. इथे चष्मा ही माणसांनी आणि माकडांनी समाईक वापरायची वस्तू आहे. माकड पलीकडच्या कठड्यावर बसून काचेतून गंगा बघत होतं आणि काका, ज्यांची आख्खी हयात रेल्वेत गाड्या सोडण्यात गेली, ते त्याला आधी हिंदीत, मग मराठीत आणि शेवटी संस्कृतात सुनावत होते. कोपऱ्यात उन्हाला चटईवर बसलेला त्यांचा धाकटा भाऊ यज्ञेश मान वर न करता म्हणाला,

“दादा, पेपरपण दे त्याला. नुसता चष्मा घेऊन तो काय करणार?”

इंदूकाकूंच्या हातून आवळ्यांची परात सुटली आणि आवळे जिन्यावरून टणटणत थेट दारापर्यंत गेले. कस्तुरी, म्हणजे यज्ञेशची बायको, भिंतीला धरून खाली बसली. अण्णा, घरातले सगळ्यात वडीलधारे, उठून देवघरात गेले. चष्मा माकडाच्याही हातून पडला, असं यज्ञेशची लेक हिमानी पुढे बरेच दिवस शपथेवर सांगत होती. पण तेव्हा ती तारेवर ओढणी टाकता टाकता तशीच थिजली होती, त्यामुळे तिची साक्ष किती धरायची, हा प्रश्नच आहे.

आपला बाप फार विनोदी माणूस होता, हे हिमानी जन्मापासून ऐकत आली होती. घरातले लोक ते अशा सुरात सांगत, की एके काळी आपल्या दाराशी हत्ती झुलत होता. ऐकायचं आणि सोडून द्यायचं. ती रांगत असताना घाटावरच्या घंटा बाबांशी बोलायला लागल्या. आधी नुसत्या बोलायच्या, मग हुकूम सोडायला लागल्या. मग डॉक्टर झाले, आजाराला स्किझोफ्रेनिया हे नाव मिळालं, ओलान्झापिनची गोळी सुरू झाली, आणि घंटा गप्प झाल्या. पण बाबाही गप्पच राहिले. हिमानीच्या वाट्याला आले ते हे बाबा. ताट वाढलं की जेवणारे, चटई टाकली की बसणारे. कोणी मेलं तरी “बरं” आणि कोणाचं लग्न ठरलं तरी “बरं”. वाईट वाटावं असंही त्यात काही नव्हतं. घरात खांब असतो, तसे ते होते.

आणि आता खांबाने विनोद केला होता. तोही चांगला.

“पावडर,” काका जिन्यातला आवळा उचलत पुटपुटले. “पावडरीने काम केलं, भई.”

ही पावडर श्रावणात घरात आली. डॉक्टर लतिका मिश्रांनी तेव्हाच नीट समजावलं होतं. गोळी आवाज आवरते, पण ही जी शांतता आहे, इच्छा नाही, बोलणं नाही, ती बरीचशी आजाराचीच आहे आणि तिथे गोळीचा हात फारसा पोचत नाही. म्हणून गोळीच्या जोडीला ग्लायसीन देऊन बघू. हे एक अमिनो आम्ल, अन्नातही असतं. मेंदूत काही कुलुपं बँकेच्या लॉकरसारखी असतात, दोन किल्ल्या एकदम लागल्याशिवाय उघडत नाहीत. ही त्यातली दुसरी किल्ली. काही अभ्यासांत फायदा दिसलाय, एका मोठ्या अभ्यासात काहीच दिसला नाही. “करके देखते हैं. पण गोळी बंद करायची नाही, हे पक्कं.”

शेवड्यांच्या घरात मात्र प्रश्न मेंदूचा नव्हता, स्वयंपाकघराचा होता. पावडर पांढरी, दाणेदार आणि चक्क गोड. जे गोड ते अन्न. आणि अन्न म्हटलं की इंदूकाकूंचं सोवळं आलं. त्यातच काकांनी फोनवर वाचून जाहीर केलं, की ही वस्तू पहिल्यांदा हाडांच्या सरसापासून काढली होती. काकूंनी बरणी तिथल्या तिथे जिन्याबाहेर ठेवली. हिमानी एका शाळेत विज्ञान शिकवते. तिने बरणीवरचा शाकाहाराचा हिरवा ठिपका दाखवला, कारखान्यात हाडं लागत नाहीत हे सांगितलं, आणि मग तह झाला. पावडर प्लास्टिकमधून स्टीलच्या डब्यात जाईल, आणि शुद्धी म्हणून काकू डब्याच्या झाकणावर तुळशीचं पान ठेवतील. पान सुकलं की नवं ठेवतील.

तसा तो डबा बाहेरच्या फळीवर राहिला, आणि कस्तुरी रोज त्यातले चमचे पाण्यात ढवळून यज्ञेशला देत राहिली.

*

विनोदानंतर आठवडाभर घर मांजराच्या पावलांनी वावरत होतं, जणू कोणी जोरात बोललं तर बाबा पुन्हा आत जातील. मग तुळशीच्या लग्नाच्या दिवशी, दुपारची पंगत उठल्यावर, अण्णांनी सगळ्यांना बैठकीत बोलावलं.

अण्णा, म्हणजे विश्वेश्वरशास्त्री शेवडे, ऐंशी कधीच ओलांडून गेले होते. त्यांचे पणजोबा भोसले घाटावरच्या एका अनुष्ठानासाठी नागपूरहून आले होते. अनुष्ठान संपलं, परत जायचं राहून गेलं, ते अजून राहिलेलंच आहे. अण्णा घरात फार कमी बोलत. त्यांच्या मते बोलण्यासारखं जे होतं, ते वेदांत बोलून झालेलं होतं.

“त्रिपुरी पौर्णिमेला आकाशदिवा यज्ञेश चढवील,” ते म्हणाले. “आणि आजपासून गोळी बंद.”

कार्तिकात पंचगंगेवर उंच बांबू रोवतात आणि संध्याकाळी वेताच्या टोपलीत दिवा ठेवून दोरीने वर चढवतात, पितरांना वाट दिसावी म्हणून. शेवड्यांचा दिवा घरातला वैदिक चढवतो. एके काळी यज्ञेश चढवायचा, मंत्र म्हणत. त्यानंतर पुन्हा अण्णाच.

यज्ञेश खिडकीपाशी बसला होता. त्याने बापाकडे बघितलं, आणि मग बाहेर.

“गोळी का बंद?” हिमानीने विचारलं.

“हात थरथरतो त्याचा. जीभ जड होते. अशा हाताने दिवा चढवत नाहीत आणि अशा जिभेने ऋचा म्हणत नाहीत.”

“आणि आता गरज काय गोळीची?” काका सरसावून बसले. “पावडर आहे ना! नॅचरल आहे, आपल्या शरीरातच असते. गोळी म्हणजे केमिकल.”

“काका, पावडर पण केमिकल आहे. पाणी पण केमिकल आहे. तुम्ही पण.”

“घ्या! ही शाळेत पोरांना हे शिकवते.”

“डॉक्टरांनी साफ सांगितलंय. गोळी बंद केली तर आज-उद्या काही नाही दिसणार, पण नंतर सगळं परत येऊ शकतं. घंटा, हुकूम, सगळं. सच में, तुम्ही लोक पण ना…” हिमानी आईकडे वळली. “आई, सांग ना यांना.”

कस्तुरी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ती नेहमी लेकीच्या बाजूने असायची. हिमानीने ते इतकं गृहीत धरलं होतं, की तिने आईकडे बघितलंसुद्धा नव्हतं, नुसती मान वळवली होती.

“मला वाटतं, बंद करून बघावी,” कस्तुरी म्हणाली.

“आई?”

“परवा मी वाती वळत होते. त्यांनी विचारलं, ‘कस्तुरी, तू जेवलीस का?’” ती थांबली. “त्यांच्या तोंडी माझं नाव कसं लागतं, ते मी विसरले होते गं. तुला नाही कळणार. पावडरीने एवढं आणलं, तर वरची गोळी काढल्यावर आणखी किती येईल. मला सगळे हवेत ते. होते तसे.”

आईने आजवर या घरात स्वतःसाठी दुसरी फोडणीदेखील मागितली नव्हती. आणि तिने मागितलं तेही हे. याला नाही म्हणणारी हिमानी कोण?

“मी नाही म्हणते,” दारातून आवाज आला.

इंदूकाकू सोवळं नेसून उंबऱ्यापलीकडे उभ्या होत्या, कोणाला शिवायला नको म्हणून. नवऱ्याच्या विरुद्ध त्या रोजच बोलत. सासऱ्यांच्या विरुद्ध बोलताना त्यांना कोणी ऐकलं नव्हतं.

“तुम्ही दोघंही तेव्हा नव्हतात,” त्या म्हणाल्या. “अण्णा गयेला गेले होते आणि हे ड्युटीवर. सांजेच्या आरत्या चाललेल्या, सगळ्या घाटांवर घंटा, आणि हा गळ्याएवढ्या पाण्यात उभा. ‘येतो, येतो’ म्हणत होता कोणाला तरी. धोतराचा सोगा माझ्या हाती लागला म्हणून. धोतर जुनं असतं तर फाटलं असतं.”

“ते झालं जुनं आता, इंदू,” काका म्हणाले.

“तुमच्यासाठी झालं. त्या धोतराची मी फडकी केलीत. रोज ओटा पुसते, रोज आठवतं.”

दोन विरुद्ध तीन, असा हिशेब हिमानीने मनातल्या मनात केला. पण अण्णांचं मत या घरात कधीही एक धरलं जात नसे. अण्णांनी यज्ञेशच्या गोळ्यांची चांदीसारखी पट्टी कोनाड्यातून काढून आणायला काकांना सांगितली, आणि काकांनी ती आणून त्यांच्यापुढे ठेवली. अण्णांनी ती बोटाने सरकवून पाटाखाली सारली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ती वस्तू शिवली होती.

“प्रसाद आण, इंदू,” ते म्हणाले. विषय संपला होता.

*

प्रसादाचा शिरा आला आणि तो तपकिरी होता.

हेही आता अप्रूप राहिलं नव्हतं. शेवड्यांच्या घरात कार्तिक दोनदा येतो. काशीचा कार्तिक कोजागिरी सरली की लागतो, महाराष्ट्राचा दिवाळीनंतर. शेवडे दोन्ही पाळतात, कारण देव नेमका कोणता धरतो हे नक्की कळायला मार्ग नाही. या सगळ्या काळात देवघरातल्या विष्णूला रोज दुधातल्या शिऱ्याचा नैवेद्य असतो. आणि यंदा कोजागिरीपासून तो शिरा पांढरा होईचना. दूध घालून वाफ आणली की बघता बघता गुळाच्या रंगाचा होई. काकूंनी दूधवाल्याला झापलं, रवा बदलला, कढई घासून घासून पातळ केली. शेवटी त्यांनी तो विष्णूचाच मर्जीचा रंग म्हणून सोडून दिला. गल्लीतले लोक मात्र वाट्या घेऊन यायला लागले होते. असा खमंग शिरा आख्ख्या काशीत नाही, असं त्यांचं म्हणणं.

हिमानीने रागारागात एक घास तोंडात टाकला. गोड होता, पण साखरेसारखा घशाशी येणारा नाही. गोडवा जिभेवर यायचा आणि काही न सांगता निघून जायचा. तिने दुसरा घास घेतला. मग वाटीकडे बघितलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांना एक परीक्षानळी तापवायला देत. अमिनो आम्ल आणि दुधातली साखर एकत्र तापवली, की पांढऱ्याचं तपकिरी होतं. पाव भाजला की जो रंग येतो, तोच. तिने त्या प्रयोगाची आकृती इतकी वाईट काढली होती, की सरांनी ती वर्गात फिरवली होती.

तिने वाटी खाली ठेवली.

“मोठी काकू. नैवेद्याच्या साखरेची चिमूट दे.”

“शिरा कमी गोड झालाय का?”

“दे तर.”

काकूंनी सोवळ्याच्या फळीवरून डबा काढला आणि हिमानीच्या तळहातावर वरूनच, न शिवता, चिमूट सोडली. डब्याच्या झाकणावर तुळशीचं पान होतं. हिमानी त्या पानाकडे बघत राहिली. मग बाहेरच्या फळीवरचा औषधाचा डबा तिने उघडला. त्यावर पान नव्हतं.

बाहेरच्या शेगडीवर तिने दोन जुने चमचे धरले. घर तिच्यामागे गोळा झालं होतं. कशासाठी ते कोणालाच माहीत नव्हतं, पण शेगडीवर कोणी काही जाळत असलं की शेवडे बघायला येतातच. औषधाच्या डब्यातली चिमूट आधी वितळली, सोनेरी झाली, फेसाळली आणि सगळ्या मजल्यावर चिक्कीचा वास सुटला. नैवेद्याची चिमूट बराच वेळ हट्टाने पांढरीच राहिली. मग एकदम काळपट पडली आणि नाकात झोंबली.

“ही साखर,” हिमानी पहिल्या चमच्याकडे बोट दाखवत म्हणाली. “आणि ते औषध.”

दोन्ही जावांनी एकमेकींकडे बघितलं.

“कोजागिरीची सफाई,” कस्तुरी हळूच म्हणाली. “मी सगळे डबे उतरवले होते. दोन्ही सारखेच दिसतात, आणि घाईत ज्यावर पान तो देवाचा, एवढंच डोक्यात आलं. मी तो आत तुमच्या हद्दीत सरकवला.”

“आणि बिनपानाचा बाहेर ठेवलास.”

“पानाचा डबा बाहेर कसा ठेवू, ताई?”

“आणि मीही तो विष्णूचा समजून पान सुकलं की नवं ठेवत गेले,” इंदूकाकू म्हणाल्या. चूक कोणाचीच नव्हती. दोघींनीही सगळं शास्त्राला धरून केलं होतं.

“म्हणजे,” काका चष्मा पुसत म्हणाले, “कोजागिरीपासून यज्ञेश साखरपाणी पितोय.”

“हो.”

“आणि औषध विष्णू घेतायत.”

सगळ्यांच्या माना देवघराकडे वळल्या. मूर्ती रोजच्यासारखीच होती. पण आता, हे कळल्यावर, चेहऱ्यावर पूर्वीपेक्षा जरा फरक वाटत होता खरा.

*

डॉक्टर लतिका मिश्रांना फोन लागला तेव्हा त्या जेवत होत्या. हिमानीने फोन पाटावर ठेवून स्पीकर लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती, आणि त्या शांततेत बारीकसा कसलातरी आवाज.

“मॅडम, आप हँस रही हैं?”

“नहीं नहीं. बिलकुल नहीं.” घसा खाकरल्याचा आवाज. “बाकी कोणाला त्रास? मळमळ वगैरे?”

“मला होत होती,” काका म्हणाले. “मला वाटलं निवृत्त झाल्यामुळे.”

“आता शिरा बंद करा. अच्छा, एक सांगा. यज्ञेशजी तो शिरा खातात?”

“देवापुढची वाटी त्यांचीच,” इंदूकाकू उंबऱ्यातून ओरडल्या. “मग दुसरी मागतो. तिसरी मी देते.”

यावेळी त्या हसत नव्हत्या.

“मग मला काहीच सांगता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “औषध पोटात गेलंय, पण किती, ते तुमच्या देवालाच माहीत. त्यानेच फायदा झाला असेल. नसेलही. कधी माणूस इतक्या वर्षांनी आपणहून थोडा वर येतो, का ते कोणालाच कळत नाही. इतकी मोठी माणसं इतके अभ्यास करतात, त्यांना एक उत्तर मिळत नाही, ते शिऱ्यातून कसं निघणार? पण गोळी बंद करू नका. आणि हाताची थरथर, जिभेचं… हे मला कोणी आजवर बोललंच नाही. सोमवारी घेऊन या. त्याचं काहीतरी करता येतं.”

फोन बंद झाला, आणि हिमानीला वाटलं, आता सगळे ऐकतील. ती अजून लहान होती.

“ऐकलंत?” काका म्हणाले. “साखर पीत होता आणि बरा झाला! म्हणजे पावडरही नको आणि गोळीही नको. प्रसादाने झालंय हे.”

“प्रसादानेच,” अण्णा म्हणाले.

“प्रसादात पावडर होती, काका!”

“ती कोणाच्या हातून गेली? देवाच्या. मग?”

“भाऊजी, थांबा,” कस्तुरी मधेच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “कशाने झालं ते डॉक्टरांनाही कळत नाहीये. मग चालू आहे त्यातलं काही काढायचं नाही. चुकून तीच वीट काढली तर?” ती लेकीकडे न बघता तिच्या शेजारी येऊन बसली. “नको अण्णा. गोळी राहू दे. मला जेवढे मिळालेत तेवढे पुरे.”

“मगाशी तर तू…” काका म्हणाले.

“मगाशी मला वाटत होतं की आपल्याला कळलंय.”

“तुम्ही बायका एक झालात की असंच,” काका उखडले. “इंदू, हे सगळं तुझ्या त्या पानामुळे!”

“माझ्या पानामुळे? हाडं हाडं म्हणून कोण ओरडलं होतं? ती बरणी राहिली असती बरणीत!”

“आवाज खाली,” अण्णा म्हणाले, आणि हे त्यांनी सगळ्यात मोठ्याने म्हटलं.

“एवढं भांडता तुम्ही?”

यज्ञेशने वाटी चाटून पुसून खाली ठेवली होती आणि तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, कुतूहलाने, गावात नवीन आलेला माणूस बाजार बघतो तसा.

तासभर त्याच्याविषयी चाललं होतं आणि त्याला विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. खांबाला कोण विचारतं?

“आधी घंटा होत्या,” तो सावकाश बोलू लागला. जीभ जड होती, शब्द एकेक करून उतरत होते. “त्यांच्यात तुमचं ऐकू येत नव्हतं. मग गोळीने घंटा लांब गेल्या. पण तुम्हीपण लांबच राहिलात. काचेतून बघतात तसे. तोंडं हलतायत, मला त्याचं काही नाही. आता तुमचं यायला लागलंय थोडं थोडं.” तो थांबला. “मला वाटायचं, घरात फार शांतता आहे.”

हिमानीला हसू आलं आणि रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला उचकी लागली.

“घंटा…” अण्णा पुढे वाकले. “अजून आहेत?”

हा प्रश्न बापाने मुलाला पहिल्यांदाच विचारला होता.

“आहेत ना. गोळी घेतली की अहिल्याबाई घाटापलीकडे जातात. एखादे दिवशी विसरलो की भोसले घाटापर्यंत येतात.” यज्ञेशने पाटाखाली हात घालून ती पट्टी बाहेर काढली आणि मांडीवर ठेवली. हात थरथरत होता. “नाही घेतली तर जिन्यात येतील, अण्णा. मग तुमच्या ऋचा कशा ऐकू येणार मला?”

तो नुसता बसला होता, पट्टीवर हात ठेवून. आणि हिमानीला पहिल्यांदा कळलं, की हा माणूस इतकी वर्षं रिकामा बसलेला नव्हता. आपण सगळे शेजारच्या खोलीत वाटण्या-लग्नं-भांडणं करत होतो तेव्हा तो रोज, एकटा, घंटांना ढकलून एकेक घाट मागे नेत होता. आणि रात्री “बरं” म्हणून जेवायला बसत होता. विज्ञानात याला काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं. बहुधा वेदांतही नसावं, कारण अण्णाही तोंड उघडं ठेवून बघत होते.

मग अण्णांनी हात पुढे केला. “दे ती इकडे,” ते म्हणाले.

यज्ञेशने पट्टी दिली. अण्णांनी ती धोतराच्या कनवटीला खोचली आणि उठून आत गेले. ती का घेतली, हे त्यांनी सांगितलं नाही.

*

हिमानीने दुसऱ्या दिवशी उठून नवी पट्टी विकत आणायचं ठरवलं होतं. पण अण्णा पौर्णिमेपर्यंत थांबलेच नाहीत. त्याच संध्याकाळी, तुळशीचं लग्न लागल्यावर, ते पळी-पंचपात्र घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरले आणि मागे न बघता म्हणाले, “यज्ञेश, चल.”

सगळेच निघाले. काकूसुद्धा, सोवळं सोडून.

पंचगंगेवर बांबू उभे होते आणि उजेड पाण्यावरून उठून जायच्या बेतात होता. पलीकडच्या मंडळींच्या टोपल्या वर जायला लागल्या होत्या, एकेक दिवा सरळ रेषेत. अण्णांनी आपल्या टोपलीत दिवा लावला आणि दोरी यज्ञेशच्या हातात दिली. मंत्र ते स्वतः म्हणू लागले.

यज्ञेशने दोरी ओढली. हात थरथरत होता म्हणून दोरी थरथरली, दोरी थरथरली म्हणून टोपली. बाकीचे दिवे शिस्तीत चढत असताना शेवड्यांचा दिवा वाऱ्यात सापडल्यासारखा डुगडुगत, थांबत, पुन्हा निघत वर गेला. काकांनी दोरीला हात लावायला पाऊल टाकलं. इंदूकाकूंनी त्यांच्या सदऱ्याची मागची बाजू धरली. असं धरण्याची त्यांना सवय होती.

कुठल्यातरी ऋचेच्या मध्यावर अण्णांच्या आवाजाखाली दुसरा आवाज आला. जड, तुटक, अर्ध्या शब्दाने मागे. अण्णा थबकले नाहीत. त्यांनी फक्त वेग कमी केला, चालताना लहान मुलासाठी करतात तसा. कस्तुरीने हिमानीचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

दिवा टोकाला पोचला आणि स्थिर झाला. खालून बघताना तो इतर दिव्यांहून वेगळा कळतही नव्हता.

मग अण्णांनी कनवटीतून पट्टी काढली. गोळी बाहेर कशी काढतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ती उलटी धरली, दाबली, नखाने खरवडली. कोणी मदत केली नाही. शेवटी गोळी निघाली. अण्णांनी यज्ञेशचा उजवा हात आपल्या डाव्या हातावर घेतला, तळव्याचा खळगा केला, तीर्थ देताना करतात तसा, आणि गोळी त्यात ठेवली. मग पंचपात्रात पळी बुडवून वाट बघत उभे राहिले.

यज्ञेश तळव्यावरच्या गोळीकडे बघत राहिला. फार वेळ.

“अण्णा,” तो गंभीरपणे म्हणाला, “वर तुळशीचं पान राहिलं.”

सगळ्यात आधी हसले ते अण्णा. हिमानीने त्यांचं हसू कधी ऐकलं नव्हतं. ते एखाद्या गंजलेल्या रहाटासारखं करकरत वर आलं, आणि मग थांबेचना. पळीतलं पाणी सांडलं. काका हसले, काकू पायरीवर बसून डोळ्यांना पदर लावून हसल्या, आणि कस्तुरी हसत हसत “गिळा आता, गिळा ती” म्हणत राहिली. यज्ञेशने गोळी तोंडात टाकली, अण्णांनी ओतलेलं पाणी प्यायला, आणि ओला हात रिवाजाप्रमाणे डोक्यावरून फिरवला.

वर कुठल्याशा देवळात आरतीची घंटा वाजली. यज्ञेशने कान दिला, क्षणभर. मग तो हिमानीकडे वळून म्हणाला, “ही खरी आहे ना गं?”

“खरी आहे, बाबा.”

“बरं,” तो म्हणाला, आणि पायऱ्या चढायला लागला.